कासवाला उन्हात बसू द्या

गेल्या पंधरवड्यात एक व्हिडिओ आपल्या तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर फिरला. तुम्हीही पाहिला असेल. बंधाऱ्यावर भिजायला आलेली पोरं, एकाच्या हातात कासव, उलटं धरलेलं, चारी पाय हवेत. दुसरा त्याच्या तोंडाशी वेफर नेतोय. तिसरा हसत शूटिंग करतोय. शेवटी "सोडून दिलं बरं का" असं म्हणत ते वरूनच पाण्यात फेकून देतात. खाली प्रतिक्रिया दोनच प्रकारच्या. एक, "किती गोड". दुसरी, "सोडलं ते बरं झालं, नाहीतर कातकऱ्यांनी खाल्लं असतं".

मला राग आला तो दुसऱ्या प्रतिक्रियेचा. कारण ती लिहिणाऱ्यांत आपलेच शेतकरी जास्त होते. कासवं कमी झाली की बोट वाडीकडे दाखवायचं आणि आपण मोकळं व्हायचं, ही आपली जुनी सवय. लावणी आता उरकत आलीय, संध्याकाळी थोडा वेळ मिळतो, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो. पटलं नाही तर भांडा, पण शेवटपर्यंत वाचून भांडा.

आधी कासव कोणतं ते बघू. कर्जत-खालापूरच्या शेतात, ओहोळात, तळ्यात आपल्याला भेटतात ती मुख्यतः दोन. एक मऊ कातडीच्या पाठीचं, पुस्तकात त्याला इंडियन फ्लॅपशेल म्हणतात. त्याच्या पोटाखाली मागच्या बाजूला दोन झडपा असतात, पाय आत ओढले की झडप लागते. दुसरं कडक पाठीचं, काळपट, पाठीवर तीन उभ्या धारा, ते इंडियन ब्लॅक टर्टल. फ्लॅपशेल खाचरातसुद्धा येतं. चिखलणीच्या वेळी पायाखाली दगड म्हणून पाय ठेवला आणि दगड सरकला, असं तुमच्यापैकी कित्येकांना झालं असेल. ते काय खातं? गोगलगायी, किडे, बेडूक, लहान मासे, पाण्यातलं गवत आणि मेलेलं जे काही सापडेल ते. म्हणजे पाण्यातला झाडूवालाच. भातावर ते चढत नाही, लोंबी तोडत नाही. तुमच्या आवणाचं त्यानं कधी वाकडं केलेलं मी तरी पाहिलं नाही.

जाता जाता एक गोष्ट. "वीस नखी कासव" शोधत फिरणारे, पैशांचा पाऊस पाडणारे महाभाग अजून आहेत. फ्लॅपशेलच्या एकेका पायाला तीन नखं, म्हणजे झाली बारा. काळ्या कासवाची साधारण अठरा. मोजता न येणाऱ्यांच्या हातात पैसा कुठून टिकणार! पण गंमत सोडा, फ्लॅपशेल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते पकडलं, पाळलं, विकलं तर तीन ते सात वर्षं कैद आहे. वाघाच्या बरोबरीनं त्याचं नाव लिहिलेलं आहे.

आता कोणी म्हणेल, माणूस आला की प्राणी जाणारच, त्याला इलाज नाही. मला हे पटत नाही, आणि त्याचा पुरावा आपल्या अंगणात आहे. उन्हाळ्यात कोकणातल्या बहुतेक नद्या आटतात. आपली पेज वाहते. का? आंध्रा धरणाचं पाणी घाट उतरून भिवपुरीच्या टाटा वीजगृहातून पेजेत येतं, १९२२ पासून. तिकडे खोपोलीच्या वीजगृहातून पाताळगंगेत येतं, ते त्याच्याही आधीपासून. त्या पेजेच्या पाण्यावर राजनाला, राजनाल्यावर आपलं उन्हाळी भात. चारीच्या कडेला मे महिन्यात ओलावा आहे, बेडूक आहेत, गोगलगायी आहेत. हे सगळं माणसानं केलं, वीज आणि भातासाठी केलं, आणि कासवानं ते बिनतक्रार वापरलं. शेतकऱ्याशी त्याचं वैर असतं तर ते शंभर वर्षांपूर्वीच संपलं असतं.

म्हणजे माणूस नको असं कासवाचं म्हणणं नाही. त्याला फक्त बसू दिलं पाहिजे. हे "बसणं" काय आहे ते आपल्याला कळत नाही, म्हणून सगळा घोळ आहे.

आपलं अंग आतून तापतं. कासवाचं तापत नाही. त्याला ऊन खावं लागतं, आणि हे ऊन खाणं म्हणजे आळस नाही. अंग तापलं की खाल्लेलं पचतं, मादीच्या पोटात अंडी धरतात, पाठीवरचं शेवाळ वाळतं, चिकटलेल्या जळवा गळतात. सकाळी ओंडक्यावर पाय ताणून बसलेलं कासव तुम्हाला निवांत दिसतं, पण ते त्याच्या कामावर असतं. त्याला दहा वेळा उठवलं तर दहा वेळा त्याचं काम मोडतं. पाण्यात डुबकी मारली की तापलेलं अंग पुन्हा गार, पुन्हा पहिल्यापासून सुरू.

माझी मोटार पेजेच्या काठाला आहे. समोरच्या बाजूला पुरात वाहून आलेला उंबराचा ओंडका अडकलाय. सोमवार ते गुरुवार सकाळी नऊच्या सुमाराला त्यावर दोन-तीन कासवं ठरलेली असतात. म्हैस पाण्यात उतरली तर ती हलतसुद्धा नाहीत. मी उतरलो तर डुबुक करून आत जातात, पण मी बांधावर चढलो की थोड्या वेळानं एक डोकं वर येतं, मग दुसरं. शनिवार-रविवारी ओंडका रिकामा. स्पीकर, पाण्यात उड्या, ड्रोन, काठावर चूल, पोरांचा ओंडक्यावर उभं राहून फोटो. कोणी कासवाला दगड मारत नाही हो. कोणी वाईट नाही. पण दोन दिवस ते वर येत नाही. आणि आता शुक्रवार पण शनिवारसारखाच व्हायला लागलाय. मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत असे किती दिवस गेले ते मोजा.

"एवढ्यानं काय होतंय" म्हणणाऱ्यांसाठी एक परदेशातली नोंद सांगतो, कारण इतकी लांबलचक नोंद माझ्या वाचनात दुसरी आली नाही. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात वुड टर्टल म्हणून कासव आहे, तेही ओढ्याकाठचं. स्टीव्हन गार्बर आणि जोआना बर्गर या दोघांनी त्यांच्या दोन वस्त्यांचा वीस वर्षांचा हिशोब मांडला, १९९५ साली तो छापून आला. ती जमीन आधी लोकांना बंद होती. तोपर्यंत कासवांची संख्या स्थिर होती. १९८३ साली फिरायला आणि गळ टाकायला ती खुली केली, तीसुद्धा परवाना देऊन. दहा वर्षांत दोन्ही वस्त्या संपल्या. कमी झाल्या असं नाही, संपल्या. जंगल तेवढंच होतं, पाणी आणि हवा तशीच स्वच्छ होती. कारणं काय असावीत म्हणून त्यांनी जी लिहिली ती वाचून मी चमकलो. लोकांनी उचलून नेणं, गाडीखाली येणं, हातात घेऊन खेळणं, टाकलेल्या खाण्यावर जमणारी शिकारी जनावरं आणि कुत्री. आपल्या बंधाऱ्यावर रविवारी संध्याकाळी जाऊन बघा. वेफरच्या पिशव्या, हाडं, त्यावर कावळे, मुंगूस आणि फार्महाऊसची मोकाट कुत्री. तिकडे परवाना काढून येणारे मोजके लोक होते. आपल्याकडे बसनं येतात.

हे असं का होतं? कारण कासवाचा हिशोब कोंबडीसारखा नाही. ते वयात यायलाच वर्षं लागतात, अंडी थोडी, त्यातली बरीच घोरपड-मुंगूस खातात, पिल्लं कावळे-बगळे उचलतात. एखादं जगतं. सगळी भिस्त म्हाताऱ्या माद्यांवर, ज्या वर्षानुवर्षं अंडी घालत राहतात. दरवर्षी अशा दोन-चार माद्या गेल्या तरी कोणाच्या लक्षात येत नाही, कारण ओंडक्यावर म्हातारी कासवं दिसतच राहतात. लहान दिसायची बंद झालेली असतात, ते कोण बघतो? तुम्ही शेवटचं रुपयाएवढं पिल्लू कधी पाहिलं, आठवून सांगा. मला आठवायला बराच वेळ लागला.

याच हिशोबानं वाडीची बाजूही बघू. पहिल्या पावसात वलगण चढते तेव्हा वाडीतली माणसं पाग आणि झोळ्या घेऊन ओहोळावर असतात, त्यात कधी कासव सापडतं, आणि पूर्वी ते खाल्लंही जायचं. हे मी लपवत नाही. कायद्यानं तो गुन्हा आहे आणि एक मोठी मादी गेली की नुकसान खरं आहे. पण पिढ्यान् पिढ्या वलगण होती आणि कासवंही होती. मग गेल्या वीस वर्षांत असं काय झालं? दिवाळी झाली की निम्मी वाडी वीटभट्टीवर आणि कोळशाच्या कामाला जाते, ती परत येते पावसाच्या तोंडावर. उन्हाळ्यात डोह आटून कासवं एका जागी येतात तेव्हा गावात कोण असतं? आपण असतो. इन्व्हर्टरची बॅटरी घेऊन पाण्यात करंट सोडणारी पोरं कोणाची आहेत? डोहात औषध ओतून सकाळी मेलेले मासे वेचणारे कोणाचे भाऊबंद आहेत? नावं मला माहीत आहेत, तुम्हालाही आहेत. एका पागानं डोह रिकामा होत नाही. एका बाटलीनं होतो.

वाडीतल्या एका म्हाताऱ्या आजोबांना मी हे विचारलं. ते म्हणाले, "आमी खाल्ला तं पोटापुरता खाल्ला. तुमचा जेशीबी खात पन नाय नि ठेवत पन नाय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्या मे महिन्यात माझ्याच शेतात गाळाच्या ट्रॉल्या खाली होत होत्या.

गाळाचं सांगतो. "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही योजना चांगली आहे, मी स्वतः गाळ घेतला, वरकस तुकड्यावर टाकला, फरक दिसला. गाळ काढू नका असं मी म्हणणार नाही. पण उन्हाळ्यात तळं आटलं की फ्लॅपशेल जातं कुठे? काठाच्या चिखलात स्वतःला पुरून घेतं आणि पाऊस येईपर्यंत तिथेच झोपतं. आपण गाळ कधी काढतो? बरोबर तेव्हाच. तिसऱ्या ट्रॉलीत मला पाठीचा अर्धा तुकडा मिळाला. बाकीच्या ट्रॉल्यांत मी शोधलं नाही, खरं सांगतो, शोधायची हिंमत झाली नाही.

मग करायचं काय? तळ्याचा मधला गाळ काढा, काठाचा गवताळ पट्टा राहू द्या. दोन्ही बाजू एका वर्षी उपसू नका, एक यंदा, एक पुढल्या वर्षी. बकेटच्या पुढे एक माणूस काठी घेऊन चालू दे, दिवसाची मजुरी जाईल तेवढीच. कासव निघालं तर त्याच तळ्याच्या ओल्या कडेला सावलीत ठेवा. "नदीत सोडून पुण्य" करायला जाऊ नका. झोपेतून उठवलेलं जनावर अनोळखी वाहत्या पाण्यात टाकणं यात पुण्य कसलं? जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन करा.

कृषी खात्यातले आणि कर्जतच्या संशोधन केंद्रातले साहेब हे पान वाचतात, म्हणून त्यांनाही थोडं. चिंबोऱ्यांसाठी विषारी आमिषाची शिफारस तुम्ही करता. बीळ बघून आमिष तोंडाशी ठेवायचं आणि बीळ बुजवायचं, हे तुम्ही सांगता, पण बांधावर येताना फक्त औषधाचं नाव येतं. बाकीचं गळून पडतं. लोक दाणेदार औषध सरळ पाण्यात फेकतात. विषानं मेलेली चिंबोरी पाण्यात तरंगते आणि मेलेलं खाणारं जनावर कोणतं, ते वर लिहिलंच आहे. शेतीशाळेत एक दिवस फक्त आमिष ठेवायची पद्धत हातानं करून दाखवा. आणि औषध टाकल्यावर खाचराचं पाणी काही दिवस ओहोळात काढू नका, हे मोठ्यानं सांगा. आमच्याच पोरांचे पाय त्या पाण्यात असतात.

फार्महाऊसवाल्यांविषयी लिहिलं की लगेच फोन येतात, "दादा, आपल्या पोरांना तिथेच काम आहे." आहे ना. माझा पुतण्याही तिथे माळीकाम करतो. मी फार्महाऊस बंद करा म्हणत नाही. पण ओहोळापासून शेतापर्यंत सलग भिंत, खाली वीतभरही फट नाही, तिथे अंडी घालायला कोरड्या जमिनीवर निघालेली मादी काय करते? भिंतीच्या कडेकडेनं चालत रस्त्यावर येते आणि चाकाखाली जाते. भिंतीला पायाशी दहा-पंधरा पावलांवर एकेक भोक ठेवायला किती सिमेंट जास्त लागतं? उलट वाचतं.

त्यांच्याकडचा दुसरा त्रास म्हणजे कानाजवळ लाल पट्टा असलेलं विकतचं कासव. शहरात पेटीत पाळतात, मोठं झालं, वास यायला लागला की वीकेंडला इकडे आणून तळ्यात सोडतात आणि समाधानानं घरी जातात. हे मूळचं अमेरिकेतलं, जगातल्या सर्वात उपद्रवी शंभर परक्या जिवांच्या यादीत त्याचं नाव आहे. ते इथल्या कासवाचं खाणं खातं, त्याच्या ओंडक्यावर बसतं. असं कासव सोडताना कोणी दिसलं तर लाजू नका, थांबवा आणि परत न्यायला लावा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. आपल्या गावतळ्याचं सुशोभीकरण मंजूर झालंय. आराखडा मी बघून आलो. चारी बाजूंनी दगडी पिचिंग, वर कठडा, पेव्हर ब्लॉकचा फिरायचा रस्ता, सौर दिवे, आणि गावाच्या नावाची "आय लव्ह" वाली मोठी अक्षरं. पाणी कुठून येणार, गाळ कुठे थांबणार, गुरं कुठून उतरणार, याची एक ओळ नाही. कासवाची तर नाहीच.

सरळ उभ्या भिंतीचं तळं म्हणजे कासवासाठी विहीर. आतलं बाहेर येत नाही, बाहेरचं आत जाताना वरून पडतं. अंडी कोरड्या मातीत महिनोन्महिने असतात, तिथे पेव्हर ब्लॉक. रात्री चरायला येणारं काळं कासव, तिथे दिवे. आणि ऊन खायला जागा नाही, कारण काठच नाही.

खाली कल्याणला गौरीपाडा तलावात जानेवारी २०२२ मध्ये पन्नासहून जास्त कासवं मेलेली सापडली. ती बातमी वाचून मला आधी आश्चर्य वाटलं ते याचं की एवढी कासवं भर शहरात जगत होती. म्हणजे अगदी थोड्यावर त्याचं भागतं. आपल्याकडे तर अजून डोंगर आहे, खाचरं आहेत, वाहतं पाणी आहे.

ग्रामपंचायतीत मी हा विषय काढला तर एक सदस्य म्हणाले, "कासवासाठी निधी परत पाठवायचा का?" हशा झाला. निधी परत पाठवू नका. तीन बाजू करा, हव्या तशा करा, बाकं टाका, अक्षरंही लावा. चौथी, पश्चिमेची बाजू तशीच ठेवा. पश्चिमेचीच का, तर सकाळचं ऊन त्या काठावर आधी पडतं आणि पाठीमागे आपली खाचरं आहेत, रस्ता नाही. मातीचा उतार राहू दे, गवत-लव्हाळा राहू दे, पडलेलं झाड पाण्यातच राहू दे. त्या बाजूला दिवा नको, रस्ता नको. गुरांनी तिथून उतरावं, आजवर उतरतात तशी. पिचिंग एका बाजूनं कमी झालं तर खर्च वाढतो की घटतो, हे ठेकेदाराला नको, आपल्या शाळेतल्या चौथीच्या पोराला विचारा.

दुसरा आक्षेप पाटलांच्या आळीतून आला की तशी बाजू "घाण दिसते". देवळात शिरताना सभामंडपात दगडाचं कासव असतं, त्याला हात लावून आपण पुढे जातो, मग ते बसलेलं असतं त्या चिखलाची घाण कशी वाटते, हे मला खरंच समजत नाही. पण असो, त्यांच्याशी माझं बोलणं चालू आहे, त्यातल्या दोघांनी बघायला येतो म्हटलंय. सकाळी नऊला बोलावलंय, सोमवारी.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय पुन्हा आहे. नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीला लावलाय. उत्तर दिशा उलटी छापलीय, तेव्हा पश्चिम शोधताना नीट बघा, पिंपळ ज्या बाजूला आहे ती नव्हे, त्याच्या समोरची. मी अर्ज लिहिलाय, सह्या आतापर्यंत एकवीस झाल्यात, त्यातल्या नऊ वाडीतल्या आहेत. अर्ज दूध संकलनाच्या टेबलावर ठेवलाय, सकाळी सात ते साडेआठ.